चलनांच्या फायलींतून मिळालेले पहिले ग्राहक

जॉबवर्क करणाऱ्या, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करून देणाऱ्या, छोट्या मशीन शॉपना मालाचा हिशोब ठेवता यावा यासाठी मी आणि माझा भागीदार २०२२ पासून एक सॉफ्टवेअर बनवतो आहोत. गुंतवणूकदार कोणी नाही. माझी हिंजवडीच्या नोकरीतली बचत आणि त्याचा पीएफ, एवढ्यावर सुरुवात केली. आता धंद्याचा खर्च धंद्यातूनच निघतो. नवीन काही सुरू करू पाहणारे मित्रमैत्रिणी भेटले, की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: पहिले ग्राहक आणले कुठून? उत्तर सांगायचं तर आधी जॉबवर्कच्या चलनांबद्दल, म्हणजे मालासोबत येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांबद्दल, सांगावं लागतं. आमचे पहिले ग्राहक आम्हाला तिथेच मिळाले.

मोठी कंपनी, म्हणजे शॉपच्या भाषेत ‘पार्टी’, कास्टिंग किंवा फोर्जिंग, म्हणजे धातूचे ओतीव किंवा घडीव भाग, पाठवते. शॉप ते सीएनसी, व्हीएमसी अशा संगणकावर चालणाऱ्या मशीनवर चढवतं, मापात आणतं आणि परत पाठवतं. बिल होतं ते फक्त लेबरचं. माल पहिल्यापासून शेवटपर्यंत पार्टीच्या मालकीचा. समजा, एका चलनावर ५०० कास्टिंग आली. पहिल्या टेम्पोने १२० तयार पीस गेले, दुसऱ्या टेम्पोने २००. नऊ पीस सीआर निघाले. सीआर म्हणजे कास्टिंग रिजेक्शन, मशीनवर घेतल्यावर आत ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, सापडलं. हा भुर्दंड फाउंड्रीचा, म्हणजे कास्टिंग ओतणाऱ्या कारखान्याचा. चार पीस एमआर, म्हणजे मशिनिंग रिजेक्शन. इथे माप आपल्याकडून गेलं, त्यामुळे कास्टिंगची किंमत आपल्याच बिलातून कापली जाणार. १५० पीस प्लेटिंगला बाहेर गेले आहेत. शॉपमध्ये उरले १७. हे एका पार्टीच्या एका पार्टचं एक चलन झालं. अशा पाच-सहा पार्ट्या, प्रत्येकीचे दहा-वीस पार्ट, आणि परत पाठवताना प्रत्येक वेळी ‘आमच्या कुठल्या चलनातला माल ते लिहा’ असा पार्टीच्या स्टोअरचा आग्रह.

मार्च संपला की पार्टीकडून स्टेटमेंट येतं. त्यात लिहिलेलं असतं, तुमच्याकडे आमचे अमुक पीस शिल्लक आहेत. शॉपमध्ये मोजले तर तेवढे नसतात. जे सापडत नाहीत त्यांची डेबिट नोट, म्हणजे किंमत आपल्या पैशांतून कापत असल्याची चिठ्ठी, निघते. एका कास्टिंगची किंमत त्यावरच्या मजुरीच्या कितीतरी पट असते, त्यामुळे थोडे पीस हिशोबातून निसटले तरी महिन्यांची कमाई जाते. चोरी क्वचितच झालेली असते. माल बहुतेक वेळा गेलेला असतो, फक्त कागदावर सापडत नाही.

यात कायद्याचाही धागा आहे, आणि ग्राहक मिळवताना आम्हाला तोच सर्वांत उपयोगी पडला. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला, तर ज्या दिवशी तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून पार्टीवर कर लागतो. कुठला माल कोणाकडे गेला आणि किती परत आला याचं विवरण पार्टी आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये भरते. १ ऑक्टोबर २०२१ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना हा फॉर्म सहा महिन्यांनी भरावा लागतो, बाकीच्यांना वर्षातून एकदा. शेवटच्या तारखा २५ ऑक्टोबर आणि २५ एप्रिल. फॉर्म भरायची जबाबदारी पार्टीची, पण आकडे जुळत नसले की फोन येतो तो जॉबवर्क करणाऱ्या शॉपला. या दोन तारखांच्या आधीचे तीन आठवडे भोसरीत, तळवड्यात, कुरुळीत कुठल्याही स्टोअरमध्ये गेलात तरी फायली उघड्या पडलेल्या दिसतील.

माझ्या भागीदाराला हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं. चाकणच्या एका शॉपमध्ये तो बरीच वर्षं प्रॉडक्शन बघायचा. मला सॉफ्टवेअर येत होतं, त्याला चलनं कळत होती. आम्ही पहिलं रूप तयार केलं आणि त्याच्या ओळखीतल्या मालकांना दाखवायला निघालो. सगळ्यांनी चहा पाजला, कौतुक केलं. आणि जवळपास प्रत्येकाने विचारलं, “मॅडम, हे टॅलीत होतं की?”

प्रश्न रास्त होता. टॅलीत जॉबवर्कची सोय आहे. आणि टॅलीचा जन्मच मुळी अशा गरजेतून झालेला आहे: श्यामसुंदर गोएंका यांचा गिरण्यांना यंत्रांचे भाग आणि कच्चा माल पुरवण्याचा व्यवसाय होता, हिशोबाला चालेल असं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाने, भरत गोएंकांनी, ते लिहिलं. १९८६ साली त्यांची कंपनी उभी राहिली. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण टॅली असते केबिनमधल्या अकाउंटंटकडे, आणि माल येतो गेटवर. गेटवरचं चलन केबिनमध्ये पोचेपर्यंत चार दिवस जातात. पीस सीआर निघाला हे तर अकाउंटंटला कधी कळतच नाही. आमचं काम या मधल्या जागेतलं आहे हे आम्ही तोंडाने सांगत होतो, पण ऐकणाऱ्याला ते पटायला काही कारण नव्हतं.

कारण मिळालं ते २०२३ च्या एप्रिलमध्ये. भोसरीतल्या एका मालकांकडे पार्टीची डेबिट नोट येऊन पडली होती. रक्कम एका ऑपरेटरच्या वर्षाच्या पगाराहून जास्त. आम्ही लॅपटॉप उघडायच्या आतच ते म्हणाले, “तुमचं सॉफ्टवेअर राहू द्या बाजूला. आमचा माल कुठे गेला तेवढं शोधून देता का?” भागीदाराने माझ्याकडे पाहिलं आणि मी हो म्हणाले. त्याच दमात मी त्यांना सांगितलं, की या कामाचे पंधरा हजार रुपये होतील, आणि हिशोब लागला नाही तर एक पैसाही नको. ते तयार झाले.

आम्ही त्यांच्या स्टोअरमध्ये ठाण मांडलं. स्टोअर सांभाळणारे काका साठीच्या जवळचे, सगळी चलनं त्यांच्या हाताची. फायलींवर कूलंटचे डाग, कार्बन कॉपीतले आकडे पुसट झालेले. एकेक चलन मी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवत गेले, भागीदार पार्टीच्या स्टेटमेंटवर खुणा करत गेला. काकांना सुरुवातीला आम्ही त्यांची झडती घ्यायला आलोय असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना मी त्यांना विचारलं, काका, सीआरचे पीस तुम्ही कसे पाठवता? ते म्हणाले, “वेगळ्या चलनावर, ताई. पण त्यांचा गेटवाला ते चलन घेऊन ठेवतो. जीआरएन होतो का नाही, देव जाणे.”

तिथेच गाठ सुटली. रिजेक्शनची चलनं पार्टीच्या गेटवर पोच झाली होती, शिक्का होता, सही होती. पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, त्यांच्या सिस्टिमला झालेली नव्हती. म्हणजे फाउंड्रीच्या दोषाचे पीस पार्टीच्याच आवारात पडून होते आणि त्यांची किंमत आमच्या मालकांच्या नावावर लागली होती. एक लॉट प्लेटिंगवाल्याकडून परस्पर पार्टीकडे गेला होता, त्याचीही तीच गत. सगळ्या पोच सह्यांचे फोटो लावून आम्ही चलनानुसार एक तक्ता बनवला. मालक तो घेऊन पार्टीच्या स्टोअर मॅनेजरला भेटले. डेबिट नोट पूर्ण रद्द झाली नाही, एमआरचे पीस शेवटी आपलेच असतात. पण फार मोठा भाग मागे घेतला गेला. परत आल्यावर मालकांनी पंधरा हजारांचा चेक दिला आणि विचारलं, “आता हे रोजचं रोज चालू ठेवायचं तर किती?” वर्षाला अठरा हजार अधिक जीएसटी, मी म्हटलं. जीएसटीचं क्रेडिट त्यांना मिळतंच, त्यामुळे त्याचं ओझं नव्हतं. दुसरा चेकही त्याच दिवशी मिळाला.

तेव्हापासून आमची पद्धत तीच राहिली: आधी मागचा हिशोब लावून द्यायचा, मग सॉफ्टवेअरचं बोलायचं. हे काम जड आहे, वेळखाऊ आहे, आणि ज्यांना झपाट्याने वाढायचं आहे त्यांना ते परवडणारही नाही. आमच्याकडे घाई करणारं कोणी नव्हतं, ही स्वतःच्या पैशावर धंदा करण्यातली मोठी सोय आहे. शिवाय हिशोब लावताना ग्राहकाची सगळी जुनी चलनं सॉफ्टवेअरमध्ये येऊन बसलेली असतात. एरवी नवं सॉफ्टवेअर घेणाऱ्याला सर्वांत कंटाळा येतो तो याच कामाचा. आमच्या ग्राहकाला पहिल्या दिवशी रिकामा पडदा दिसत नाही. आपल्याच पार्ट्या, आपलेच पार्ट, आपलाच बॅलन्स दिसतो.

फुकट वापरायला द्या, मग बघू, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. आम्ही दिलं नाही. पैसे मोजलेला मालक स्टोअरवाल्याला सांगतो, की उद्यापासून वहीत नाही, यात लिहायचं. न मोजलेला मालक सांगत नाही. दोन-तीन दिवस स्टोअरवाला दोन्हीकडे लिहितो आणि मग वहीकडे परततो, त्यात त्याचा काही दोष नाही. जाहिरातींवरही थोडे पैसे घालून पाहिले. फोन आले ते बहुतेक ‘बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे का’ विचारणारे. तो खर्च आम्ही थांबवला.

सॉफ्टवेअरचं आजचं रूप खरं म्हणजे त्या पहिल्या स्टोअरमधल्या काकांमुळे आहे. हाताला तेल असतं, चष्मा कपाळावर असतो, टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो. अशा माणसाला चार पडदे पुढे-मागे करायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आम्ही सगळं एका पडद्यावर आणलं: पार्टी, पार्ट, नग, आणि चलनाचा फोटो. शब्दही त्यांचेच ठेवले. इनवर्ड, ओके, सीआर, एमआर, बॅलन्स. परतीचं चलन करताना पार्टीच्या कुठल्या चलनातून किती नग वजा होतात हे सॉफ्टवेअर स्वतः लावतं, जुनं चलन आधी. काका आधी म्हणाले होते, मला हे जमायचं नाही. पुढे दुसऱ्या शॉपमधल्या त्यांच्या ओळखीच्या स्टोअरवाल्याला त्यांनीच शिकवलं.

भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते. मशीन बंद, पण मालक बरेचदा येऊन बसतात. मेंटेनन्सची माणसं आलेली असतात, कागद हातावेगळे करायचे असतात. इतर दिवशी पाच मिनिटं न देणारा माणूस गुरुवारी तासभर बोलतो. आमच्या भेटी आम्ही त्याच दिवशी ठेवायला लागलो. आणि वर्षाचं वेळापत्रक आयटीसी-०४ च्या त्या दोन तारखांभोवती बांधलं. एप्रिल तर दुहेरी सोयीचा, कारण नव्या आर्थिक वर्षात चलनांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करायची बहुतेक शॉपची रीत आहे. जुनी वही संपलेली असते, नवी छापायची असते. बदल करायचा तर माणूस तेव्हाच करतो.

ओळखीतून ग्राहक येतात असं सगळेच सांगतात. आमच्या बाबतीत ओळख कोणाची, हे महत्त्वाचं ठरलं. मालक एकमेकांना आपल्या धंद्याचं फारसं सांगत नाहीत, कारण शेजारचा शॉपवाला त्याच पार्टीकडून तेच काम मागत असतो. पण प्लेटिंगवाला आणि हीट ट्रीटमेंटवाला सगळ्यांचेच असतात. पहिल्या ग्राहकाचा माल ज्यांच्याकडे जायचा, त्या प्लेटिंगवाल्यांच्या हातात आमचं छापील चलन पडायला लागलं. त्यांच्याकडे रोज अनेक शॉपची चलनं येतात, निम्म्यांवर पार्ट नंबर वाचता येत नाही. त्यांनी आम्हाला बोलावलं आणि स्वतःसाठी सॉफ्टवेअर घेतलं. मग जे शॉपवाले माल घेऊन यायचे, त्यांना त्यांच्या गेटवरचा माणूसच सांगायचा, असं चलन द्या म्हणजे माल लवकर उतरवून घेतो. हे आम्ही त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांचा वेळ वाचत होता म्हणून ते सांगत होते.

तसंच पार्टीच्या स्टोअरमध्ये झालं. आयटीसी-०४ भरताना मूळ चलनाचा नंबर लागतो, तो आमच्या प्रत्येक छापील चलनावर ओळीसमोर असतो. एका कंपनीच्या स्टोअरमधल्या माणसाने आपल्या इतर व्हेंडरना ते चलन नमुना म्हणून दाखवलं. त्यातून आलेल्या फोनना विक्रीचं काही बोलावंच लागलं नाही. चलनाच्या तळाशी आमचं नाव आणि फोन नंबर बारीक अक्षरात छापायचा निर्णय भागीदाराचा. मी तेव्हा त्याला म्हणाले होते, की ग्राहकाच्या कागदावर आपलं नाव बरं दिसत नाही. ग्राहकांना विचारलं, त्यांची हरकत नव्हती.

तिसरी वाट कर सल्लागारांची. १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची, उलाढालीची मर्यादा ५ कोटींवर आली आणि आजवर या भानगडीत नसलेले कितीतरी शॉप त्यात आले. कर सल्लागारांचे फोन खणखणत होते. जॉबवर्कच्या लेबर बिलाला ई-इनव्हॉइस लागतं, डिलिव्हरी चलनाला लागत नाही, एवढा साधा फरकही अनेक मालकांना नीट माहीत नव्हता. आम्ही पिंपरी-चिंचवडमधल्या काही सल्लागारांच्या ऑफिसात जाऊन त्यांच्या अशिलांना हे समजावून सांगायची तयारी दाखवली, मोबदल्याशिवाय. ई-इनव्हॉइस आम्ही विकायला काढलं नाही. सरकारी सोय फुकट उपलब्ध होती आणि टॅलीतही होती. पण त्या बैठकांतून ज्यांच्या चलनांचा घोळ होता ते लोक आम्हाला सापडले. सल्लागारांना कमिशन देऊ केलं तेव्हा दोघांनी घेतलं नाही. मार्चमध्ये अशिलाच्या फायली नीट आल्या तर तेच आमचं कमिशन, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग २०२४ चा मार्च आला. आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच) त्या आर्थिक वर्षापासून लागू झालं होतं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर देणाऱ्याला ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. पार्ट्या धडाधड उद्यम प्रमाणपत्रं, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणी असल्याचे कागद, मागायला लागल्या. दिवस मोजायचे ते माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून, त्यामुळे पोच झाल्याच्या तारखेला एकदम किंमत आली. आमच्या ग्राहकांकडे शिक्क्याच्या फोटोसह ती तारीख होती. एका मालकांनी मला फोन करून सांगितलं, की अडकलेले पैसे मागताना पहिल्यांदाच त्यांना आवाज चढवावा लागला नाही, फक्त फोटो पाठवले. त्या दिवशी मला जे वाटलं ते नोकरीत कधी वाटलं नव्हतं.

पैशाचं गणित थोडक्यात सांगते. आम्ही वर्षाचे पैसे आगाऊ घेतो, मासिक वर्गणी ठेवलीच नाही. सर्व्हरच्या भाड्यापेक्षा आमचा पेट्रोलचा खर्च जास्त होता, आणि आगाऊ रकमेतूनच पुढच्या ग्राहकाकडे जायचं पेट्रोल निघत होतं. सुरुवातीच्या काळात मी आठवड्यातले काही दिवस बाहेरची कामं करून घरखर्च भागवत होते. तशी तजवीज नसती तर मी अडलेल्या माणसासारखी विक्री केली असती, आणि असा माणूस समोरच्याला लगेच ओळखू येतो.

एकदा मात्र मोठा मोह समोर आला. एका बड्या कंपनीच्या खरेदी विभागाने विचारलं, की आमच्या सगळ्या व्हेंडरना तुमचं सॉफ्टवेअर घ्यायला लावतो, पैसेही आम्हीच देतो. फक्त प्रत्येक शॉपमध्ये कुठल्या मशीनवर काय चाललंय, किती माल पडून आहे, दुसऱ्या कोणाचं काम आहे का, हे आम्हाला दिसलं पाहिजे. एका सहीत आमची काही वर्षांची चिंता मिटली असती. भागीदार आणि मी त्यावर रात्री उशिरापर्यंत बोललो. शॉपचा हिशोब हा शॉपचा आहे. तो पार्टीला उघडा करून दिला, की पुढच्या दरवाटाघाटीत तोच त्या शॉपच्या विरोधात वापरला जाणार, हे त्याने चाकणला डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ज्या मालकांनी आपल्या फायली आमच्यासमोर उघड्या टाकल्या, त्यांच्याशी असं वागणं शक्यच नव्हतं. आम्ही नकार कळवला. पर्याय म्हणून एवढं सुचवलं, की शॉपने स्वतः ठरवून त्या पार्टीपुरता बॅलन्स पाठवायचा, बाकी काही नाही. कंपनीने तेव्हा काही कळवलं नाही. पुढे त्यांच्याच काही व्हेंडरनी आपणहून सॉफ्टवेअर घेतलं, आणि आता ते तसा बॅलन्स दर शनिवारी पाठवतात.

सध्या भागीदार कोल्हापूरच्या बाजूला जास्त असतो. शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आणि मशीन शॉप जवळजवळ आहेत, त्यामुळे सीआरचा वाद तिथे दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळतो. फाउंड्रीवाल्यांना कुठल्या हीटचं, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या घाण्याचं, कास्टिंग रिजेक्ट झालं ते हवं आहे. आमच्या पडद्यावर अजून त्याला जागा नाही. दोन फाउंड्र्यांच्या जुन्या रिजेक्शनच्या फायली सध्या माझ्या टेबलावर आहेत, आणि २५ ऑक्टोबरच्या आत त्या लावून द्यायच्या आहेत.